डोंगर सोडू का?

या वेळचं पत्र चिंचवडहून आलंय. थोडं कमी करून देते.

"ताई, नमस्कार. माझं वय 37. एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. कॉलेजपासून ट्रेकिंग आणि गेली बारा वर्षं प्रस्तरारोहण करतोय. सह्याद्रीतले तीसेक सुळके झालेत, निम्म्यांवर मी लीड केलंय, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे चढलोय. बायको बँकेत आहे. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. आई आमच्याकडेच असते, तिचे गुडघे दुखतात. आठवड्यातले चार दिवस मी ऑफिसातून परस्पर जिमला नाहीतर चढाईच्या कृत्रिम वॉलवर जातो, साडेआठपर्यंत घरी येतो. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की महिन्यातले दोन रविवार क्लाइंबचे. दारू नाही, सिगारेट नाही, हा एकच नाद आहे. दर वेळी मी तिची परवानगी घेतो, कधी न सांगता गेलेलो नाही.

मागच्या डिसेंबरात लिंगाण्याच्या सुळक्यावर गेलो होतो. त्याच रविवारी संध्याकाळी पाचला मुलीचं शाळेचं गॅदरिंग होतं. चारपर्यंत येतो म्हणून सांगितलं होतं. आमच्या पुढे दोन ग्रुप होते, रोपवर खोळंबा झाला, उतरताना अंधार पडला, फोनला रेंज नाही. घरी पोचलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. मुलगी कोळिणीच्या पोशाखातच झोपली होती. बायकोनं दार उघडलं, एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून परवानगी मागितली की म्हणते, 'तू जा. मला विचारू नकोस.'

लग्नाआधी ती माझ्याबरोबर यायची. राजगड-तोरणा आम्ही एकत्र केलाय, तिचे बूट अजून माळ्यावर आहेत. निदान तिनं तरी समजून घ्यायला हवं. येत्या मेमध्ये उत्तरकाशीच्या गिर्यारोहणाच्या 28 दिवसांच्या बेसिक कोर्सचा फॉर्म भरलाय. घरी अजून सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीची परवानगी कशी मागायची कळत नाही. मित्रांपैकी काही म्हणतात आधी घर बघ, काही म्हणतात एकदा सोडलंस की संपलं. डोंगर सोडू का?"

नाही, सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही धास्तीनं वाचणार नाही. बारा वर्षं कातळावर घालवलेल्या माणसानं तो सोडला, तर घरात जास्त वेळ राहील, पण कसा राहील हे मी पाहिलंय. खिडकीशी बसलेला, दर शनिवारी संध्याकाळी चिडचिडा होणारा माणूस बायकोमुलांना नको असतो.

पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीशी मी अडले. "तिचे बूट अजून माळ्यावर आहेत."

तुम्ही मला विचारताय, डोंगर सोडू का. तुमच्या पत्नीनं डोंगर सोडला तेव्हा त्यांनी कुणाला विचारलं होतं? मला वाटतं, त्यांनाही ते सोडणं कळलं नसेल. पहिल्या रविवारी बाळाला सर्दी असते. दुसऱ्या रविवारी अंगावरचं दूध, कसं जाणार. मग घरात पाहुणे येतात. मग ग्रुपवर मेसेज येतो तेव्हा "तिला जमणार नाही" हे घरातलंच कुणीतरी परस्पर कळवून टाकतं. मग मेसेज यायचे थांबतात. एक दिवस घर आवरताना बूट माळ्यावर जातात आणि त्या दिवसाची तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही.

त्यांनी समजून घ्यायला हवं, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना समजतं म्हणूनच तर त्रास होतो. जिनं डोंगर पाहिलाच नाही, तिच्यासाठी तुम्ही रविवारी नुसते बाहेर गेलेले असता. राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून, ती लांबलचक सोंड तुडवत जी बाई तोरण्याच्या बुधला माचीच्या पायथ्याशी पोचली आहे, तिला तुम्ही नेमके कुठे आहात हे घरात कुकर लावताना दिसत असतं. सकाळी सात वाजता कारवीच्या रानात कसला वास येतो हे तिला ठाऊक आहे. आणि तिच्या हातात मुलाची चमच्याएवढी वाटी आहे.

हे मी अंदाजानं लिहीत नाही. 1991 साली माझा मुलगा आठ महिन्यांचा होता. आम्ही दोघंही चढणारे, आमचं लग्नच डोंगरातल्या ओळखीतून झालेलं. त्या रविवारी हे तैलबैल्याच्या कातळभिंतींवर चढायला गेले होते. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या काकूंकडे होता, म्हणून मी रात्री दहापर्यंत जिन्यातला दिवा लावून दार अर्धं उघडं ठेवलं. दहा वाजता काकूंचा दिवा गेला. मग मी तांदूळ निवडायला घेतले. आधी ताटातले, मग डब्यातले, मग नवीन पोतं सोडलं. पहाटेपर्यंत मी निवडलेल्या तांदळाचा ढीग जमिनीवर होता आणि एकही खडा उरला नव्हता, तरी मी परत पहिल्यापासून निवडत होते. सहा वाजता दूधवाल्याच्या मागोमाग हे आले. रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, दोर वर अडकला होता, तो सोडवण्यात रात्र गेली. मी चहा केला, पाणी तापवलं. काही विचारलं नाही, त्यांनीही काही विचारलं नाही. ती रात्र आम्ही कित्येक वर्षं उघडलीच नाही. आणि मला आता डोंगराची आवड उरली नाही, असं मी सगळ्यांना सांगायला लागले. ते खरं नव्हतं. त्या वाटेला गेलं की ती रात्र आठवायची, एवढंच खरं होतं.

तुमच्या पत्नीनं दीड वाजता दार उघडलं तेव्हा त्या काय करत होत्या, हे तुम्ही विचारलंत का? नसेल तर विचारा. सफाई देऊ नका, रेंज नव्हती हे त्यांना माहीत आहे. फक्त ऐका.

तुमच्या पत्रात परवानगी हा शब्द तीनदा आलाय. मला तो खटकला. परवानगी मागितली की समोरच्यावर दोन्हीकडून ओझं पडतं. नाही म्हटलं तर नवऱ्याचा एकुलता एक नाद तोडणारी बाई, हो म्हटलं तर दोन मुलं, सासूबाई आणि रात्रीची काळजी या सगळ्याला आपणच संमती दिलेली. "तू जा, मला विचारू नकोस" याचा अर्थ मला तरी असा दिसतो की हे हो-नाही त्यांना आता पेलत नाही. शिवाय, न सांगता कधी गेलो नाही असं तुम्ही म्हणता आणि त्याच पत्रात भरून ठेवलेला फॉर्म आहे. तुम्ही खोटे आहात असं मी म्हणत नाही. पण योग्य वेळेची वाट बघत तुम्ही जे पोटात ठेवलंय, ते त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर डिसेंबरची रात्र त्यापुढे लहान ठरेल.

आता हिशोबाकडे येते. महिन्यातले दोन रविवार, असं तुम्ही लिहिता. लिंगाण्याचाच धरू. शनिवारी दुपारनंतर चिंचवडहून निघणार, वेल्ह्यावरून मोहरी गावात रात्री मुक्काम, पहाटे अंधारात बोराट्याच्या नाळेत, त्या अरुंद घळीत, उतरायचं, सकाळी कातळाला हात. रविवारी रात्र होणार. त्याआधी शुक्रवारी दोर, हार्नेस, कॅराबिनर बाहेर काढून हॉलभर पसारा. गुरुवारी गाडी कुणाची, टेक्निकल सामान कुणाचं, यासाठी फोन. सोमवारी अंग आंबलेलं, मंगळवारपर्यंत मातीचे कपडे बादलीत. घरातल्या बाईच्या हिशोबात हा एक रविवार नसतो, आठवड्याची मागची निम्मी बाजू असते. मी हे तुम्हाला बोल लावायला सांगत नाहीये. दोघं जण दोन वेगवेगळे आकडे धरून भांडतात तेव्हा भांडण सुटत नाही, म्हणून आधी आकडा एक करा.

आणि खरं सांगू, मला रविवारपेक्षा तुमच्या चार संध्याकाळी मोठ्या वाटतात. लहान मुलांच्या घरात सहा ते साडेआठ ही वेळ काय असते, हे त्या वेळी घरी असणाऱ्यालाच कळतं. बँकेतून दमून आलेली बाई, भूक लागलेली दोन मुलं, एकाचा अभ्यास, एकाचं सांडणं, कुणाला शू, कुणाला गोष्ट, सासूबाईंच्या गुडघ्याला शेक. तुम्ही साडेआठला दार उघडता तेव्हा वादळ होऊन गेलेलं असतं आणि तुम्हाला घर शांत दिसतं. सुळका महिन्यात दोनदा, हे आठवड्यात चारदा.

बरं, त्या चार दिवसांची तुमच्या शरीराला तरी गरज आहे का? ताकद कमवायला जेवढे कष्ट लागतात त्याच्या मानानं ती टिकवायला फार थोडे लागतात. जोर कमी होऊ दिला नाही, तर दिवस कमी केले तरी चालतं. तुमच्या वयाला बोटांच्या स्नायूंपेक्षा कंडरा सांभाळायच्या असतात. त्या सावकाश तयार होतात आणि दुखावल्या की सावकाशच बऱ्या होतात, त्यामुळे रोज रोज लटकून काही साधत नाही. न्हाणीघराच्या किंवा खोलीच्या चौकटीवर एक हँगबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकायची फळी, पक्की बसवा, चौकट वजन पेलेल याची सुताराकडून खात्री करून घ्या. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून, नीट अंग गरम करून वीस मिनिटं. दमासाठी सकाळी साडेपाचला घोराडेश्वरचा डोंगर किंवा निगडीची दुर्गा टेकडी, सात वाजता परत, मुलीची वेणी तुम्ही घाला. पावसात बिल्डिंगचे जिने, पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची सॅक. वॉलवर जायचं ते आठवड्यातून एक संध्याकाळ, ठरलेल्या वारी. शनिवारी सकाळी धाकट्याला पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसवून टेकडी चढलात तर बारा-एक किलो वजन होतं, आणि तेवढा वेळ घरात एक माणूस निवांत झोपू शकतं.

म्हणजे आठवड्यातल्या तीन संध्याकाळी घराला परत मिळाल्या. मला वाटतं, तुमच्या घरातला निम्मा ताण तिथेच उतरेल. उरलेल्या निम्म्याचं नाव परतीची वेळ.

डिसेंबरात काय झालं ते नीट बघा. तुम्ही खोळंबा झाला असं लिहिलंय, जणू तो अचानक झाला. सीझनमधल्या रविवारी लिंगाण्यावर गर्दी असते, एकाच दोरावर माणसं तासन् तास अडकतात, हे तुम्हाला बारा वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. संध्याकाळी पाचला लेकीचा नाच असताना त्या दिवशी लिंगाणा घ्यायलाच नको होता. आणि घेतलाच, तर पायथ्यालाच सगळ्यांना सांगायला हवं होतं की दहा वाजता जिथे असू तिथून मी उतरणार. उंच पहाडांत चढणारे ही वेळ आधी ठरवतात आणि शिखर समोर दिसत असलं तरी वळतात. आपण सह्याद्रीत ती ठरवत नाही, कारण घर तीन तासांवर आहे असं वाटतं.

आमच्या घरी पुढे काय झालं ते सांगते. एका वर्षी डिसेंबरच्या शेवटी नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं. माझा मुलगा तेव्हा बराच मोठा झाला होता. मी पेन घेतलं आणि जानेवारी ते मार्चमधले चार रविवार माझ्या नावानं लिहून टाकले. कुठे जाणार हेही ठरलेलं नव्हतं. ह्यांनी वाचलं, बरं म्हणाले, आणि उरलेल्या चौकटींत स्वतःचे लिहिले. त्यानंतर आमच्या घरात डोंगरासाठी कुणी कुणाला विचारलं नाही. दुधाच्या हिशोबाशेजारी, गॅसच्या नंबराशेजारी, त्या चौकटीत सगळं असायचं.

तुम्हीही हेच करा, पण एका अटीवर. पेन आधी त्यांच्या हातात द्या. मुलीचं गॅदरिंग, आईंची डॉक्टरची तारीख, बँकेचा मार्चअखेर, हे पहिलं. मग त्यांचे स्वतःचे दिवस. ते दिवस त्यांनी डोंगरात घालवले पाहिजेत असं अजिबात नाही. माहेरी जातील, झोपतील, दार लावून बसतील. त्या दिवशी दोन्ही मुलं आणि घर तुमच्याकडे, आणि "टोपी कुठे आहे" हे विचारायला फोन करायचा नाही. सगळ्यांत शेवटी तुमचे क्लाइंब. सीझनमध्ये महिन्याला दोन उरतील की एक, हे त्या भिंतीसमोर दोघांना दिसेल. धाकटा तीन-चार वर्षांचा होईपर्यंत एक उरला तर तो एक मनापासून करा.

आणि निघताना एक कागद फ्रिजवर. सुळक्याचं नाव, पायथ्याचं गाव, तिथे ज्यांच्या अंगणात मुक्काम त्यांचा फोन, बरोबरच्या दोघांच्या घरचे फोन. खाली दोन वेळा लिहा. एक, मी साधारण इतक्या वाजता येईन. दुसरी, इतके वाजले आणि मी आलो नाही, फोनही नाही, तर या क्रमानं फोन करायला लाग. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांनी मिळून उभारलेलं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा मदतीचा नंबर त्या कागदावर हवाच. दोन वेळांमध्ये तीन-चार तासांचं अंतर ठेवा. त्या दोन वेळांच्या मधे घरातलं माणूस झोपू शकतं. ही झोप काय असते ते तांदूळ निवडलेल्या बाईला विचारा.

जोखमीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. तुम्ही लीड करता. आपला कातळ लाव्हाच्या थरांचा. घट्ट पट्ट्यांच्या मधे मुरमाड, ठिसूळ भाग, हाताला येणारे सुटे दगड, जुन्या गंजलेल्या मेखा, आग्या मोहोळं. हे मी तुम्हाला शिकवायची गरज नाही. अ‍ॅलिसन हारग्रीव्ह्ज ही ब्रिटिश गिर्यारोहक 1995 च्या मे महिन्यात कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्ट चढली आणि त्याच ऑगस्टमध्ये के-2 शिखरावरून उतरताना गेली. तिची मुलं सहा आणि चार वर्षांची होती. दोन लहान मुलांची आई तिथे गेलीच कशाला, असं तिच्यामागे वर्तमानपत्रांतून विचारलं गेलं. डोंगरात गेलेल्या किती वडिलांबद्दल असं विचारलं गेलं? तिला एकटीला तो प्रश्न विचारणं अन्याय होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण प्रश्न खोटा नाही. म्हणून मी तो एका वडिलांना विचारते. पुढची चार-पाच वर्षं कुठली जोखीम घ्यायची आणि कुठली नाही, हे तुम्ही पत्नीसमोर बसून मोठ्यानं बोललायत का? माझं मत विचाराल तर ओळखीच्या, कातळात नीट बोल्ट ठोकलेल्या मार्गांवर लीड करा. नवीन मार्ग उघडणं, जिथे पडलात तर थांबवणारं काही नाही अशा जागी पुढे जाणं, हे सध्या बाजूला ठेवा. सेकंडवर, म्हणजे लीड करणाऱ्याच्या मागून वरच्या दोराच्या आधारानं, चढण्यात कमीपणा नाही. विम्याची कागदपत्रंही काढून बघा. बऱ्याच अपघात विम्यांमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात आणि आयुर्विम्याच्या अर्जात अशा छंदाबद्दल विचारलेलं असतं. तिथे खरं लिहिलंय ना, हे तपासा.

याच्या दुसऱ्या टोकाला मला जुन्को ताबेई आठवते. 16 मे 1975 ला एव्हरेस्टवर पोचलेली जगातली पहिली स्त्री. घरी तीन वर्षांची मुलगी होती. नवरा स्वतः चढणारा, पण त्या वसंतात तो घरी राहिला आणि ती गेली. घरात दोघं डोंगराचे असले की कधी एकानं थांबायचं असतं, कधी दुसऱ्यानं. तुमच्या घरात गेली सहा वर्षं एकच जण थांबलंय.

तुमच्या आईंविषयी थोडं. "आई आमच्याकडेच असते" हे तुम्ही सोय म्हणून लिहिलंय की माहिती म्हणून, मला कळलं नाही. दोन वर्षांच्या मुलामागे गुडघे दुखणारं माणूस दिवसभर धावू शकत नाही. कॅलेंडर भरताना त्यांनाही बोलवा.

मुलांना घेऊन जरूर जा, पण तो तुमचा क्लाइंब समजू नका आणि तुमच्या वाट्यात मोजूही नका. लोकलनं मळवलीला उतरा, रिक्षा करून लोहगडाच्या पायथ्याशी जा. पायऱ्या आहेत, मुलगी आरामात चढेल. तिला सांगा, एकामागोमाग चार दरवाजे आहेत, मोजत चल. गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. तिसऱ्या दरवाजाशी ती बसली आणि तासभर सरडा बघत राहिली, तर तासभर सरडा बघा. गडाची विंचूकाटा माची राहिली तर राहू दे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून जे बारा किल्ले घेतले त्यात लोहगड आहे, हे तिला दहाव्या वर्षी सांगितलं तरी चालेल. सहाव्या वर्षी तिला डब्यातली गुळपोळी आणि वडील दोन्ही पूर्ण मिळायला हवेत.

आणि तिचं एक देणं तुमच्याकडे बाकी आहे. खेळणं आणून ते फिटणार नाही. एखाद्या संध्याकाळी तिला म्हणा, मला तुझा तो कोळ्यांचा नाच बघायचाय. पोशाख घालू दे, आईला लिपस्टिक लावू दे, गाणं लावा. तुम्ही जमिनीवर बसून बघा, फोन दुसऱ्या खोलीत. मी यायला हवं होतं, माझं चुकलं, हे तिला सरळ शब्दांत सांगा. सहा वर्षांच्या मुलांना ते समजतं.

राहिला कोर्स. चांगला कोर्स आहे. बर्फ, हिमनदी, दोरांचं काम, बचावकार्य सगळं पद्धतशीर शिकवतात, आणि तुमच्यासारख्यानं तो करावा असं मला मनापासून वाटतं. पण या मेमध्ये नको. 28 दिवस आणि जाण्यायेण्याचे धरून महिन्याच्या वर. शाळेला सुटी, धाकटा दोन वर्षांचा, आणि डिसेंबरची जखम अजून ओली. एक वर्ष थांबा. त्या वर्षात कॅलेंडर दोघांच्या नावांनी भरू दे. पुढच्या वर्षी कदाचित त्याच म्हणतील की जा. दुसरं काही ठरलं, तर तेही त्यांच्याशी बोलूनच ठरू दे, माझ्या सांगण्यावरून नको. मात्र फॉर्म भरलाय हे आजच रात्री सांगा. मुलं झोपल्यावर, दिवा चालू असताना. आधी हे, मग कॅलेंडर.

शेवटी ते बूट. हे वाचून तुम्हाला लगेच माळ्यावर चढावंसं वाटेल, बूट पुसून त्यांच्यापुढे ठेवावेसे वाटतील. तसं करू नका. त्यांना जायचंय का, हे आधी त्यांच्याकडून येऊ दे. आणि ते आलं, तरी ते बूट घालून त्यांना डोंगरात नेऊ नका. पाच-सहा वर्षं नुसते पडून राहिलेल्या बुटांचा मधला थर आपोआप भुसभुशीत होतो, वरून धड दिसतो आणि अर्ध्या वाटेत तळवा सुटून हातात येतो. नवे घ्या. दुकानात त्यांच्याबरोबर जा, पण नंबर तुम्ही सांगू नका. दोन बाळंतपणांत बऱ्याच जणींचं पाऊल वाढतं आणि तसंच राहतं. पाय पुन्हा मोजून घ्यावा लागेल.